मांडव हा वारसा नाही का?



रायगडचा किनारा म्हटला की जंजिरा, कुलाबा, कोर्लई ही नावं पुढे येतात. वारसा म्हणजे दगड, ही समजूत पक्की आहे. १९५८ चा केंद्रीय कायदाही स्मारक म्हणून बांधकाम, गुहा, शिलालेखच मोजतो, तेही किमान शंभर वर्षं टिकलेले. मग ज्यांना सभेसाठी जागाच दिली नाही, त्यांचा वारसा कुठे शोधायचा?

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या वीरेश्वर नाटकगृहात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. नाव नाटकगृह, पण तो कच्चा मांडव. नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता, तरी परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं. तळ्यावरून परतलेले आपले लोक जेवत असताना जमावाने याच मांडवात घुसून त्यांना मारलं. बाबासाहेब तेव्हा सरकारी बंगल्यात उतरले होते.

डिसेंबरात तर हिंदूंपैकी कुणी जागाच देईना. जागा दिली फत्तेखान या मुसलमान माणसाने. रस्त्याने गाड्या मिळेनात, म्हणून बाबासाहेब ‘पद्मावती’ बोटीने दासगावला उतरले आणि तिथून चालत महाडला आले. २५ डिसेंबरला त्या जागेवर मनुस्मृती जळली.

कुणी म्हणेल, महाडला क्रांतिस्तंभ आहे, राष्ट्रीय स्मारक आहे, आणखी काय हवं? हवं आहे ते असं : आपण तळं पाहतो, स्तंभापुढे फोटो काढतो आणि परततो. जागा कुणी नाकारली, कुणी दिली, हे मात्र माहीत नसतं. नकाराचा इतिहास पुसला की जात केली कुणी, हा प्रश्नही पुसला जातो.

दोष फक्त सरकारचा नाही. भिंती मिळाल्या तेव्हा आपण काय केलं? दादरचं आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेस २५ जून २०१६ च्या पहाटे पाडले गेले. आपण मोर्चा काढला, पण ढिगारा झाल्यावर. इमारत उभी असताना तिची नोंद, तिची डागडुजी यासाठी किती जण गेलो होतो?

२०२७ ला महाडला शंभर वर्षं होतात. आणखी एका पुतळ्याची मागणी नको. दासगावचा धक्का, परिषदेचा मांडव, सरकारी बंगला, फत्तेखानांची जमीन हा सलग मार्ग म्हणून जाहीर करा, आणि प्रत्येक ठिकाणी काय घडलं ते ठळक लिहा. नगरपालिकेचे ठराव, १७ मार्च १९३७ च्या हायकोर्टाच्या निकालापर्यंतची दाव्याची कागदपत्रं एकत्र करून लोकांना खुली करा. आणि आपल्या पोरांनो, गावातल्या म्हाताऱ्यांजवळ बसा, ऐकलेलं लिहून काढा. त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहू नका.

आपल्या पूर्वजांकडे वाडे नव्हते, त्यांच्याकडे सभा होती. सभेची जागा जपणं हेच आपलं वास्तुजतन.