कॉमर्सच्या वर्गाला संगणक खोलीची किल्ली द्या

शाळांमधल्या ‘स्मार्ट’ फळ्यांचे कौतुक करणारा मजकूर आपल्या अंकात वाचला. मी तालुक्याच्या गावी कर सल्लागार आहे. दर जूनमध्ये बारावी कॉमर्स झालेली दोन-तीन मुले माझ्याकडे कामाला येतात. भागीदाराची निवृत्ती, ख्याती, नफा-तोटा समायोजन खाते, सगळे तोंडपाठ. पण हार्डवेअरच्या दुकानाचे बिल हातात दिले, की त्यावरचा जीएसटी क्रमांक काय सांगतो, हे एकालाही येत नाही.

दोष मुलांचा नाही. मी पाहिलेल्या फळ्यांवर पाठ्यपुस्तकाचीच पीडीएफ मोठी करून दाखवतात. खडूची धूळ गेली, एवढाच फरक. संगणक खोली असते, पण तिची किल्ली आयटीच्या सरांकडे. बारावीच्या पुस्तपालनात संगणकीय लेखांकनाचे प्रकरण आहे. तेही व्याख्या पाठ करून उरकतात.

त्यापेक्षा मुलांना घरची चार बिले आणायला सांगा. त्यांवरचा जीएसटी क्रमांक १५ अंक-अक्षरांचा. पहिले दोन अंक राज्याचे : महाराष्ट्र २७, गुजरात २४, गोवा ३०. पुढचे दहा पॅनचे. विक्रेता आणि गिऱ्हाईक दोघेही राज्यातले असतील, तर १८ टक्क्यांचे ९ केंद्राला, ९ राज्याला; माल सुरतेहून आला तर तोच कर आयजीएसटी म्हणून एकत्र. आता तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाका. लॉगिन लागत नाही. नोंदणी चालू आहे की रद्द, दुकानदार कंपोझिशन योजनेत आहे का, लगेच कळते. कंपोझिशनवाल्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. तसा घेतलेला एखाद्या बिलावर पोरांना सापडला, तर तो तास ती विसरणार नाहीत! मग हीच बिले एक्सेलमध्ये खरेदी पुस्तक म्हणून भरायची.

वही बंद करा, असे मात्र मी म्हणत नाही. टॅलीसारख्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाउचर टाकले की खतावणी, तेरीज, ताळेबंद आपोआप तयार. नावे-जमा डोक्यात पक्के नसलेला मुलगा चूक करतो आणि ती त्याला सापडतही नाही. वहीतली खाडाखोड निदान दिसते. सॉफ्टवेअरमध्ये ती दिसेनाशी होते, म्हणून तर १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना प्रत्येक बदलाचा माग ठेवणारे सॉफ्टवेअर सक्तीचे झाले. तेव्हा अकरावीला वही, बारावीला वही आणि संगणक दोन्ही.

खरा अडसर परीक्षेचा आहे. गुण नाहीत ते वर्गात शिकवले जात नाही, हे शिक्षकही खाजगीत कबूल करतात. राज्य मंडळ आयटीचा पेपर संगणकावर घेते, म्हणजे सोय आहे. पुस्तपालनाचे २० गुण लेखी पेपरबाहेरचे आहेत. त्यासाठीचे प्रकल्प मुले एकमेकांचे पाहून उतरवतात. त्यातले निदान १० गुण परीक्षकासमोर, संगणकावर, खऱ्या बिलांच्या नोंदी करण्याला द्यावेत.

शिक्षकांना मदत लागली तर आमच्यासारखे लोक विनामूल्य येतील. फक्त महिन्याची ११ आणि २० तारीख सोडून बोलवा, त्या दिवशी आमची रिटर्ने असतात.

– एक कर सल्लागार, जि. सांगली