काल तं चालत होतं!

आमच्या धंद्यात लहानथोर सर्वांना तोंडपाठ असलेले एकच वाक्य आहे. मी नागपुरात पंचवीस वर्षे संगणकाचे प्रोग्राम लिहितो आहे आणि दुसऱ्यांनी लिहिलेले दुरुस्त करतो आहे. सीताबर्डीच्या बोळातल्या एका पंख्याच्या खोलीपासून मिहानमधल्या काचेच्या इमारतींपर्यंत जिथे जिथे गेलो, तिथे ते वाक्य माझ्या स्वागताला उभे होते. पडद्यावर लाल अक्षरांचा सडा पडलेला असतो, चारपाच जण खुर्चीमागे गर्दी करून उभे असतात, आणि त्यांच्यातला सर्वांत निरागस चेहऱ्याचा मुलगा म्हणतो, "काहून बिघडलं सर? काल तं चालत होतं!"

हे वाक्य खोटे नाही, म्हणूनच मला त्याचा राग येतो. काल चालत होते हे खरे. पण का चालत होते, हे काल कोणी विचारले नव्हते.

दिवाळीच्या अंकात हे काय अभद्र, असे वाचक म्हणतील. पण ज्या घरात चकल्या होतात त्या घराला हा विषय मुळीच परका नाही. आमच्याकडे आईचा जुना पितळी सोऱ्या होता. त्याचा दट्ट्या झिजला म्हणून दोन वर्षांपूर्वी सुनेने स्टीलचा नवा आणला. नव्याबरोबर आलेली चकलीची ताटली कोणाला आवडेना. जुन्या ताटलीच्या चकलीला जो काटा येतो तो हिला येत नाही, असा आईचा निकाल पडला. झाले! जुनी ताटली नव्या सोऱ्यात घालायचे ठरले. ती केसभर मोठी. माझ्या धाकट्या भावाने बत्त्याने ठोकून ती बसवली. बसली, चकल्याही उत्तम झाल्या, भावाने दिवसभर मिशीला पीळ दिला. दुसऱ्या दिवशी शेवेची ताटली घालायची वेळ आली तेव्हा चकलीची ताटली निघेना. त्या वर्षी आम्ही शेव विकत आणली.

आमच्या धंद्यातल्या दुखण्याला इंग्रजीत भारदस्त नावे आहेत, पण दुखणे हेच. आजचा प्रोग्राम कोणी एकटा लिहीत नाही. तारखा दाखवणारे पाकीट एकाने लिहिलेले, पावती छापणारे दुसऱ्याने, आणि ही सगळी ज्या सांगाड्यावर उभी करायची तो सांगाडा तिसऱ्याच कोणाचा. प्रत्येक पाकीट आपल्याबरोबर आपल्या मागण्या घेऊन येते. तारखेचे पाकीट म्हणते, मला रिअ‍ॅक्टची सतरावी आवृत्ती हवी. तक्त्याचे पाकीट म्हणते, अठरावीच हवी. एका घरात दोन्ही नांदणार कशी? मग यंत्र थांबते आणि सांगते की हे जमत नाही. नुसते सांगत नाही, कोण काय मागतो आहे, कोणामुळे मागतो आहे आणि घरात प्रत्यक्षात काय आहे, हे नावनिशीवार सांगते. इतक्या सरळपणे आपली अडचण सांगणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

आणि या सरळपणाचे आम्ही काय करतो? तोंड दाबतो.

२०२०च्या ऑक्टोबरात एनपीएम नावाच्या पाकिटे आणून देणाऱ्या व्यवस्थेची सातवी आवृत्ती आली. तोवर असली भांडणे ती इशारा देऊन सोडून देत असे. सातव्या आवृत्तीपासून ती थेट अडून बसू लागली. माझ्या मते ही सुधारणा होती. पण त्याबरोबरच दोन पळवाटाही होत्या: एक, जुन्या पद्धतीने काणाडोळा कर अशी सूचना, दुसरी, जबरदस्ती कर अशी सूचना. पळवाटा ठेवल्या होत्या अडल्या-नडल्यासाठी. आमच्या पोरांनी त्यांचा हमरस्ता केला. मुलाखतीला आलेल्या मुलांना मी विचारतो की पाकिटांचे जुळत नसेल तर काय कराल. दहांपैकी आठ जण 'जबरदस्ती' हा शब्द असा उच्चारतात, की जणू गुरूने कानात सांगितलेला मंत्रच! संदेशातली पहिली ओळ कोणती होती असे विचारले की गप्प. हल्ली तर संदेश वाचण्याचेही कष्ट नाहीत. तो उचलून बोलक्या यंत्रापुढे टाकायचा आणि ते देईल ते उत्तर डोळे मिटून परत चिकटवायचे. ते यंत्र कधी कधी अशी आवृत्ती सुचवते की जी जगात कधी निघालेलीच नाही. मग नवा लाल सडा, आणि पुन्हा तेच: काल तं चालत होतं.

पण सगळा दोष तरुणांच्या माथी मारून मोकळे होण्याइतका मी अप्रामाणिक नाही. माझ्या वयाच्या मंडळींचा एक वेगळा पंथ आहे आणि तो अधिक घातक आहे. 'चालते आहे ना? मग हात लावू नका!' हे त्यांचे ब्रीद. दहा वर्षे हात न लावलेले प्रोग्राम नागपुरात मला ठाऊक आहेत. त्यांच्यापुढे उदबत्ती तेवढी लावायची बाकी आहे. डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या साध्या पाकिटात भयंकर भगदाड सापडले. दुरुस्त आवृत्ती लगोलग निघाली. ज्यांनी वेळोवेळी थोडेथोडे बदलत ठेवले होते त्यांनी ती लावली आणि ते झोपी गेले. ज्यांनी वर्षानुवर्षे हात लावला नव्हता त्यांना कळले की हे एक पाकीट बदलायचे तर त्याखालचे दुसरे बदलावे लागते, त्यासाठी तिसरे, आणि तिसऱ्यासाठी संगणकाची मूळ व्यवस्थाच. हात लावू नका म्हणणाऱ्यांचे हात तेव्हा कापत होते.

या पंथाचे लोक वर आम्हाला ऐकवतात की हे नव्या जमान्याचे खूळ आहे, पूर्वी असे नव्हते. नागपूरकराने तरी असे बोलू नये! १८६७ साली मुंबईकडून जीआयपीची रेल्वे इथे आली ती साडेपाच फुटी रुंद रुळांवरून. पुढे छत्तीसगडचे धान्य आणायला नागपूर ते राजनांदगाव मार्ग १८८२ साली पुरा झाला तो मीटर गेजचा, म्हणजे सव्वातीन फुटी. खर्च कमी म्हणून. दोन्ही रेल्वे आपापल्या जागी उत्तम धावत होत्या. फक्त एकीचा डबा दुसरीच्या रुळावर चढत नसे. गाडीतला माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरल्यावाचून गत्यंतर नव्हते. बंगाल-नागपूर रेल्वेने तो मार्ग हाती घेतला आणि १८८८ साली, म्हणजे सहा वर्षांत, अवघा रुंद करून टाकला. त्याच कंपनीने पुढे सातपुड्यात अडीच फुटी रूळ घातले. ती नॅरोगेज मात्र आमच्या डोळ्यांदेखत धावली. छिंदवाड्याकडची २०१५ साली बंद झाली, नागभीडची २०१९ साली. तिची इंजिने पाहायची असतील तर मोतीबागेच्या संग्रहालयात पोरांना घेऊन जा. तीन मापांचे रूळ एका शहराने पाहिले, आणि त्या शहरातली माणसे मला सांगतात की न जुळणे हा प्रकार काल निघाला!

मी त्या संग्रहालयात अनेकदा जातो. रेल्वेवाल्यांचा मला हेवा वाटतो. सव्वातीन फुटी डबा साडेपाच फुटी रुळावर 'जबरदस्ती' म्हणून कोणी ठेवला तर तो जागच्या जागी घसरतो. सर्वांना दिसते, सर्वांना ऐकू येते. आमचा डबा घसरला तरी धावत राहतो.

तेही सांगून टाकतो, कारण त्यात चूक माझी होती.

एका पतसंस्थेसाठी मी २००९ साली मुदत ठेवींच्या व्याजाचा प्रोग्राम लिहिला होता, पायथन या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत. खरे म्हणजे तिसरी आवृत्ती २००८च्या डिसेंबरातच निघाली होती. पण तिच्यासाठी पाकिटे फारशी नव्हती, म्हणून मी जुनीच धरली. दुसरीचा सांभाळ २०१५ साली थांबायचा होता, तो लोकांच्या आळसासाठी १ जानेवारी २०२०पर्यंत लांबवला गेला. अकरा वर्षांची नोटीस! घरमालक भाडेकऱ्याला इतकी देत नाही. मी त्यातली दहा वर्षे काहीही केले नाही. वर निंदा केलेल्या पंथाचा मी जुना सभासद आहे, हे वाचकांनी ओळखले असेलच.

२०१९च्या दिवाळीनंतर घाईघाईने आमच्या एका मुलाला ते काम दिले. मुलगा हुशार. तिसऱ्या पायथनने लाल ओळींचा वर्षाव केला; त्याने एकेक करून साऱ्या मिटवल्या. संध्याकाळी आला, "झालं जी सर, एकही लाल ओळ नाही राह्यली." मी चार व्यवहार तपासले, मान डोलावली आणि प्रोग्राम संस्थेला दिला.

आता गंमत पाहा. दुसऱ्या पायथनमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की बाकी सोडून दिली जाई. शंभर भागिले तीस म्हणजे तीन. तिसऱ्या पायथनमध्ये तेच उत्तर तीन पूर्णांक एक तृतीयांश येते. तिसरीचे उत्तर अधिक शहाणपणाचे आहे यात वाद नाही. पण त्या संस्थेचा नियम असा, की ठेव मुदतीआधी मोडली तर पुऱ्या झालेल्या महिन्यांचेच व्याज द्यायचे, आणि मी दिवसांना तिसाने भागून बाकी आपोआप गळून पडेल यावर विसंबलो होतो. नव्या घरात बाकी गळेना. लाल ओळ नाही, आरडाओरडा नाही. नऊ टक्क्यांची लाखाची ठेव शंभर दिवसांनी मोडणाऱ्याला बावीसशे पन्नासऐवजी पंचवीसशे रुपये मिळू लागले. हिशेबतपासनीसांच्या ते फेब्रुवारीत ध्यानात आले आणि संस्थेने ठेवीदारांना जादा रक्कम परत करण्याची पत्रे धाडली.

एक काकू स्वतः अडीचशे रुपये घेऊन आल्या. मी त्या वेळी तिथेच मान खाली घालून बसलो होतो. पैसे मोजून झाल्यावर त्यांनी विचारले, "चूक कशात झाली म्हणता?" मी सांगितले, भागाकारात. "मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं," त्या म्हणाल्या. "भागाकार कसा काय बदलतो हो?" संस्थेचे सचिव हसले. त्या हसल्या नाहीत. उत्तराची वाट पाहत उभ्या राहिल्या, आणि मला उत्तर देता आले नाही.

उत्तर असे होते, की जुन्या पायथनला एक विशेष सूचना देऊन प्रोग्राम चालवला असता तर अर्थ बदलणाऱ्या भागाकाराची ओळ त्याने क्रमांकासह दाखवली असती. ही सोय मला माहीत होती. मी ती वापरली नाही, कारण लाल ओळी संपल्या होत्या आणि ओळी संपल्या म्हणजे काम संपले अशी माझीही समजूत झाली होती. ज्या मुलाला मी नंतर रागे भरलो त्याने मला एवढेही ऐकवले नाही.

तेव्हापासून मी हट्टी झालो आहे. प्रत्येक प्रकल्पाची चूल वेगळी मांडतो, म्हणजे एकाची पाकिटे दुसऱ्याच्या घरात शिरत नाहीत. कोणत्या पाकिटाची नेमकी कोणती आवृत्ती चालली याची कुलूपबंद यादी प्रोग्रामच्या शेजारीच ठेवतो आणि ती खोडणाऱ्याशी भांडतो. एका वेळी एकच पाकीट बदलतो, आणि आधी बदलाची टिपणी वाचतो. आवृत्तीच्या तीन आकड्यांपैकी पहिला बदलला म्हणजे कर्त्याने जुना करार मोडल्याची कबुली दिली, असा संकेत आहे; पण तो संकेतच, कायदा नव्हे, म्हणून हिशेबाची जुनी शंभर उदाहरणे नव्या प्रोग्रामातून काढून उत्तरे पैशापैशाने ताडून पाहतो. पोरे याला 'सरांचं सोवळं' म्हणतात. म्हणोत!

पण सोवळे फुकट पाळता येत नाही, आणि इथेच माझे खरे भांडण आहे. नागपुरातल्या संस्था प्रोग्राम बांधायला पैसे देतात, सांभाळायला देत नाहीत. विहिरीच्या गाळासाठी तरतूद असते, छताच्या डांबरासाठी असते, गणपतीच्या मांडवासाठी तर असतेच असते. प्रोग्रामच्या वार्षिक डागडुजीचे कलम मी करारात घातले की ते आधी खोडले जाते. "एकदा विकत घेतलं न भाऊ, आता पुन्हा पैसे कायचे?" ज्यांची पाकिटे आपण फुकट वापरतो त्यांच्याविषयी तर बोलायलाच नको. मार्च २०१६मध्ये एका कार्यकर्त्याचे एका नावावरून कंपनीशी बिनसले आणि त्याने आपली अडीचशेवर पाकिटे परत घेतली. त्यांत लेफ्ट-पॅड नावाचे अकरा ओळींचे एक होते. शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणे एवढेच त्याचे काम. तेवढ्याने जगभरच्या मोठमोठ्या प्रकल्पांची बांधणी काही तास ठप्प झाली. त्या दिवशी सर्वांनी त्या माणसाला बोल लावले. त्याच्या अकरा ओळींवर आपण इमले का रचले, हे विचारणारे थोडे निघाले.

त्या पतसंस्थेने माझा प्रोग्राम अजून ठेवला आहे. अडीच-अडीचशे करून जी रक्कम वसूल झाली नाही ती मी भरली. यंदा दसऱ्याला नव्या कराराचा मसुदा घेऊन सचिवांकडे गेलो. डागडुजीचे कलम सातव्या क्रमांकावर होते. त्यांनी चहा मागवला, कलम दोनदा वाचले, पेन उघडले आणि पुन्हा बंद केले. "सध्या तं चालते न?" त्यांनी विचारले.

मी मसुदा त्यांच्या टेबलावर ठेवून आलो आहे. सातवे कलम खोडून तो परत आला, तर सही करणार नाही.