नुसत्या जिद्दीने चाक फिरत नाही

आपल्याकडे एखाद्या खेळाडूने पदक मिळवले की प्रत्येक भाषणात एक वाक्य हमखास येते : 'जिद्द असली की परिस्थिती आडवी येत नाही.' टाळ्या पडतात. आजवर मीही वाजवल्या. यंदा मात्र माझे हात थबकले. हे वाक्य खरे असते तर माझा दादा आज सायकलपटू असता.

आम्ही घाटकोपरला डोंगरावरच्या चाळीत राहतो. दादा नववीत असल्यापासून पहाटे स्टेशनबाहेरून गठ्ठे उचलून सायकलवर पेपरची लाइन टाकायचा. त्याचा वेग पाहून शाळेतल्या एका सरांनी त्याला उपनगरातल्या एका शर्यतीत उतरवले. बाकीची मुले हलक्या, गिअरच्या सायकलींवर. दादा पेपरच्याच सायकलीवर, फक्त कॅरिअर काढून ठेवलेले. तो अकरावा आला. घरी येऊन त्याने पान्याने कॅरिअर परत बसवले, कारण दुसऱ्या दिवशी लाइन होती. पुन्हा ते कधी निघाले नाही. जिद्द कमी पडली म्हणायचे का?

ज्या शर्यतींना जगात मान आहे त्यांपैकी अनेक रस्त्यावर होतच नाहीत. त्या ट्रॅकवर होतात. एक फेरी 250 मीटरची, जमीन लाकडी, आणि वळणावर ती 40 अंशांहून अधिक तिरकी. सायकलला ब्रेक नसतो. चाक फिरते तोवर पायही फिरतच राहतात. वेग कमी पडला तर त्या उतरत्या भिंतीवरून माणूस घसरतो. रस्त्यावर कितीही पहाटे उठून सायकल मारली तरी ही भिंत शिकता येत नाही.

आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या मयुरी लुटे आणि सुशिकला आगाशे ही भिंत शिकल्या. जून 2022 मध्ये दिल्लीला आशियाई ट्रॅक स्पर्धा झाली. तिथे त्रियाशा पॉलबरोबर या दोघींनी महिलांच्या सांघिक स्प्रिंटमध्ये कांस्यपदक मिळवले. ज्या ट्रॅकवर ते मिळाले तो 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी बांधलेला. भंडाऱ्याहून तो हजार किलोमीटरहून दूर! पुढच्याच महिन्यात बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेसाठी त्या लंडनच्या ट्रॅकवर उतरल्या.

त्याच स्पर्धेत वेल्सची एमा फिनुकेन होती. वेल्सला सांघिक स्प्रिंटचे कांस्यपदक मिळाले, तिला एकटीला स्प्रिंटचेही. 2023 मध्ये ती स्प्रिंटची जगज्जेती झाली आणि 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तिने एक सुवर्ण व दोन कांस्यपदके मिळवली. तिच्या कष्टांना माझा नमस्कार. पण ती ज्या कारमार्थन या लहानशा गावची, तिथल्या बागेत 1900 सालापासून सिमेंटचा सायकल ट्रॅक आहे. लहानपणी ती तिथेच शिकली. तिच्या जिद्दीला चालायला घराजवळ जमीन होती. आमच्या मुलींना तीच जमीन शोधत दिल्ली गाठावी लागते.

कोणी म्हणेल, 'पण मयुरी आणि सुशिकला पोहोचल्याच ना?' पोहोचल्या, म्हणून त्यांचे कौतुक दुप्पट. पण दोघी पोहोचल्या हे दाखवून न पोहोचलेल्यांना दोष देणे हा कोठला न्याय?

मुंबईला सायकलचे वावडे आहे असेही नाही. 1923 मध्ये याच शहरातून काही पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले आणि त्यांतले तिघे 1928 मध्ये तो पुरा करून परतले. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढणाऱ्याला आपण 'घाटाचा राजा' म्हणतो. राजा आहे, राज्य मात्र नाही.

आता माझ्याविषयी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. नातेवाईक म्हणतात, 'पोरगी जिद्दीची.' ऐकून बरे वाटते, पण ते अर्धेच खरे. चालत जाता येईल इतक्या अंतरावर पालिकेची शाळा होती. रात्री दहापर्यंत उघडी असणारी अभ्यासिका होती. आणि माझी फी दादाच्या पेपरच्या पैशांतून जात होती. माझ्या वाटेवर कोणी तरी आधीच फरशी टाकून ठेवली होती. दादाच्या वाटेवर नव्हती. आमच्या दोघांत एवढाच फरक आहे.

उपनगरात उद्याच लाकडी ट्रॅक बांधा असे मी म्हणत नाही. पण 2022 मध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद ठेवून लोकांना मोकळे करून दिले होते. तेव्हा जमले ते पुन्हा का जमू नये? आपल्या जिमखान्याने दोन शर्यतीच्या सायकली घेतल्या, एका रविवारच्या रस्त्यासाठी अर्ज केला आणि पेपर-दूध टाकणाऱ्या मुलांना बोलावले, तर खर्च एका स्नेहसंमेलनाच्या मंडपाहून जास्त येईल का? आमच्या सरांनी आणि विद्यार्थी प्रतिनिधींनी याचा विचार करावा.

दादा आता चोवीस वर्षांचा आहे. तो शर्यतीत उतरेल अशी आशा मला नाही. पण आमच्या चाळीतला एक दहा वर्षांचा मुलगा त्याच सायकलवर दांडीखालून पाय घालून चढ चढतो. पुढच्या वर्षी कोणी व्यासपीठावरून जिद्दीविषयी बोलले, तर टाळी वाजवण्यापूर्वी मी एकच विचारणार आहे : या पोराने सराव कुठे करायचा?