बॉयलर पेटला, फोटोही आले... पण आतलं पाणी कसंय?

दसऱ्याच्या आसपास सोलापूर जिल्ह्यातल्या कुणाचंही व्हॉट्सॲप उघडा, एक फोटो हमखास दिसणार. चेअरमन, संचालक मंडळ, पूजेला बसलेलं जोडपं, मागं भट्टीचं उघडं तोंड आणि खाली ओळ : 'बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ उत्साहात संपन्न.' यंदा राज्य सरकारनं १ नोव्हेंबर २०२५ पासून गाळपाला परवानगी दिली, त्यामुळं असे फोटो भराभर आले.

माळशिरस तालुक्यातल्या श्रीपूरला हे काही नवं नाही. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली, तिचा कारखाना इथलाच. आज गावात पांडुरंग सहकारी साखर कारखाना आहे. म्हणजे आजोबा, बाप आणि नातू अशा तीन पिढ्यांनी इथं धुराडं पेटताना पाहिलंय.

पण अग्निप्रदीपनाच्या बातमीत आगीबद्दल सगळं असतं, पाण्याबद्दल काहीच नसतं. आणि बॉयलरची निम्मी दुखणी पाण्यातूनच येतात.

आधी बॉयलर कारखान्यात करतो काय ते बघू. उसाचा रस काढून उरलेला बगॅस भट्टीत जळतो. भट्टीभोवती पोलादी नळ्या असतात, नळ्यांत पाणी. त्याची वाफ होते, ती टर्बाइन फिरवून वीज करते आणि मग तीच वाफ रस आटवायला जाते. १०० टन उसामागं साधारण ४० ते ५० टन वाफ लागते. जुन्या कारखान्यांत वाफेचा दाब बेताचा असायचा. वीज विकायला लागल्यापासून दर चौरस सेंटिमीटरला ६७, ८७, अगदी ११० किलोचे बॉयलर आले. घरातला कुकर शिट्टी देतो तो साधारण एक किलोवर. यावरून अंदाज घ्या.

आता पाणी. सोलापूरकडं बोअरचं पाणी कसं असतं हे बादलीच्या कडेवरच्या पांढऱ्या रेघेवरून कळतं. गिझरची कॉइल दोन वर्षांत चुन्यानं भरते, जुन्या तांब्याच्या बंबातही पोपडे धरायचे. तोच थर बॉयलरच्या नळीत बसला तर? ६७ किलोच्या दाबाला पाणी २८० अंशांच्या वर उकळतं. नळीच्या बाहेर त्याहून कितीतरी तापलेली आग. नळी टिकते, कारण आतलं पाणी तिची उष्णता सतत ओढून घेत असतं. मध्ये क्षाराचा थर आला की उष्णता नळीतच अडकते, धातू मऊ पडतो, नळी फुगते आणि एक दिवस फाटते. म्हणून या बॉयलरला साधं पाणी चालतच नाही. क्षार काढलेलं, विरघळलेला ऑक्सिजन काढलेलं आणि किंचित अल्कधर्मी पाणी लागतं.

साखर कारखान्यात आणखी एक भानगड असते, जी दुसऱ्या कारखान्यांत नसते. रस आटवताना वाफेचं जे पाणी होतं ते गरम आणि शुद्ध असतं, म्हणून ते परत बॉयलरला देतात. पण रस आटवणाऱ्या भांड्याची एखादी नळी गळकी असली की त्या पाण्यात साखर शिरते. उसाचा गोडवा बॉयलरला मात्र विष. उच्च तापमानाला साखर फुटून आम्ल तयार होतं, पाणी फेसाळतं आणि तो फेस वाफेबरोबर थेट टर्बाइनपर्यंत जातो. म्हणून लॅबमधला केमिस्ट रात्रंदिवस त्या पाण्याचे नमुने तपासत असतो. परीक्षानळीत अल्फा-नॅफ्थॉल आणि सल्फ्युरिक आम्ल टाकलं आणि जांभळं कडं दिसलं, की साखर आली. लगेच ते पाणी बॉयलरकडं जाण्यापासून तोडायचं. रात्री तीनला एखाद्यानं ही तपासणी न करताच वहीत आकडा भरला तर? पूजेच्या फोटोत हा माणूस सहसा नसतो.

इथपर्यंत चालू बॉयलरचं झालं. यंदाचा खरा मुद्दा बंद बॉयलरचा आहे.

२०२४-२५ चा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि ऊसच कमी असल्यानं लवकर आटोपला. आदल्या हंगामात राज्यात सुमारे ११० लाख टन साखर झाली होती, ती ८० लाख टनांच्या आसपास आली. सोलापूरकडच्या बऱ्याच कारखान्यांची धुराडी फेब्रुवारी-मार्चमध्येच थंड झाली. म्हणजे बॉयलर चालला जेमतेम तीन-चार महिने आणि पडून राहिला सात-आठ महिने, त्यातले चार पावसाळ्याचे.

आपल्याला वाटतं, यंत्र बंद आहे म्हणजे झिजत नाही. बॉयलरचं उलट आहे. नळ्यांत थोडं पाणी, थोडी हवा आणि दमटपणा राहिला की आतून गंज धरतो. सगळीकडं सारखा नाही, तर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे पडतात. बाहेरची राख घासून काढली नाही तर तीही पावसाळी हवेत ओल धरून नळी खाते. यावर उपाय माहीत नसलेले नाहीत. बॉयलर पूर्ण कोरडा करून आत कळीचा चुना किंवा सिलिका जेल ठेवून झाकायचा, नाहीतर ऑक्सिजन शोषणारं रसायन घातलेल्या पाण्यानं काठोकाठ भरून ठेवायचा. अर्धवट भरलेला तेवढा ठेवायचा नाही. पण ही कामं माणसं करतात, आणि कारखान्यातले बरेच कामगार हंगामी. हंगाम आखडला की त्यांचे दिवसही आखडतात.

कायदा काय म्हणतो? १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं गेली, त्यानंतर बंगालमध्ये तपासणीचा कायदा आला. पुढं देशभरासाठी १९२३ चा कायदा झाला आणि १ मे २०२५ पासून त्याची जागा नव्या बॉयलर कायद्यानं घेतली. सातपैकी तीन गुन्ह्यांतली फौजदारी शिक्षा काढून आर्थिक दंड ठेवला. प्रमाणपत्राशिवाय बॉयलर चालवता येत नाही, हे मात्र कायम आहे.

ही तपासणी हवीच. पण निरीक्षक बॉयलर बघतो एखाद-दुसरा दिवस : नळ्यांची जाडी, वापराच्या दाबाहून जास्त दाबाच्या पाण्याची चाचणी, सेफ्टी व्हॉल्व्ह. बाकीच्या दिवशी आत कसलं पाणी गेलं, हे प्रमाणपत्रावर लिहिलेलं नसतं. ते लॅबच्या वहीत असतं.

(जाता जाता : प्रत्येक स्फोट बॉयलरचा नसतो. २३ मे २०२४ ला डोंबिवली एमआयडीसीतल्या स्फोटानंतर 'बॉयलर फुटला' अशाच बातम्या आधी फिरल्या. नंतर रिॲक्टरचं नाव पुढं आलं.)

नळी फुटली म्हणजे दरवेळी मोठा अपघातच होतो असं नाही. बहुतेक वेळा गाळप थांबतं. बॉयलर थंड करायचा, आत माणूस घालायचा, नळी बदलायची किंवा बंद करायची, तपासायची आणि हळूहळू परत तापवायचा. यात दोन-तीन दिवस सहज जातात. तेवढा वेळ गाड्या रस्त्यावर, तोडणी टोळ्या कोप्यांवर बसून आणि तोडलेला ऊस उन्हात. वजन रोज घटतं, साखरही घटते, आणि शेतकऱ्याला पैसे मिळतात काट्यावरच्या वजनाचे.

कारखाना गाळप किती तास थांबलं याची नोंद कारणासकट ठेवतो : ऊस नाही, मिल बिघडली, बॉयलर बंद. सभासदाला सर्वसाधारण सभेत ती विचारता येते. गेल्या हंगामात बॉयलरच्या नळ्यांमुळं किती तास गेले, किती नळ्या बदलल्या, आणि पावसाळ्यात बॉयलर कोरडा ठेवला होता की भरून?