ताप किती, यापेक्षा मूल कसं?

पावसाळा सुरू झाला की तुमच्या पत्रांत एक प्रश्न हमखास येतो. या वेळी तो विचारलाय तालुक्याच्या गावी एकत्र कुटुंबात राहणाऱ्या एका भगिनीनं. मुलगी दोन वर्षांची. ताप येतो तो नेमका रात्री. दवाखान्यात धावावं तर घरचे ‘घाबरट’ म्हणतात, आणि सकाळपर्यंत थांबावं तर डोळ्याला डोळा लागत नाही. मग धावायचं केव्हा आणि थांबायचं केव्हा, असं तिनं विचारलंय.

प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर देण्याआधी माझीच एक चूक तुम्हाला सांगते.

माझा थोरला तीन वर्षांचा असताना त्याला १०४ अंश ताप चढला होता. मी रडकुंडीला आले, आणि हा पठ्ठ्या गादीवर बसून चिवडा मागत होता! दोन दिवसांत ताप उतरला. त्यानंतर वर्षभरानं धाकट्याला ताप आला. तो तेव्हा दीड वर्षाचा. थर्मामीटर लावला तर १०१. मी मनात म्हटलं, थोरल्याला तर १०४ होता, हा काय ताप! हे फिरतीवर गेलेले. सासूबाईंनी झोपण्यापूर्वी विचारलं तेव्हा ‘‘दाताचा असेल’’ असं मीच म्हणाले. पण पोर मांडीवर नुसतं पडून होतं. पाणी पाजलं तर ओठ मिटून घेई. दुपारपासून दुपटं कोरडं होतं. पोट भराभर वरखाली होत होतं. हे सगळं मला दिसत होतं, आणि तरी पहाटे पाचपर्यंत मी घड्याळाकडे बघत बसले.

सकाळी डॉक्टरांनी थर्मामीटरला हातच लावला नाही. आधी झबलं वर करून श्वास मोजले. न्यूमोनिया निघाला. पाच दिवस रुग्णालयात काढले. पोर बरं झालं, देवाची कृपा. पण घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, मला उठवलं का नाहीस? दोघी गेलो असतो रिक्षा करून.’’ मला काय उत्तर देता येणार? त्या रागावतील हे मी मनानंच ठरवलं होतं.

तर मैत्रिणींनो, पहिली गोष्ट ही, की थर्मामीटरवरचा आकडा एकटा काही सांगत नाही. १०३ तापातही मूल पाणी पितंय, आईला ओळखतंय, ताप जरा उतरला की खेळण्याकडे हात नेतंय, तर बहुतेक वेळा सकाळपर्यंत थांबता येतं. उलट ताप १०० च असेल, पण मूल मलूल आणि गळून गेलेलं असेल, तर थांबू नये. आकडा जरूर लिहून ठेवा, पण नजर मुलाकडे असू द्या.

याला मात्र अपवाद : तान्हं बाळ

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या बाबतीत आकड्यालाच मान द्यायचा. ताप १०० पूर्णांक ४ किंवा अधिक भरला, तर बाळ कितीही हसरं असो, त्याच वेळी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा. काखेत थर्मामीटर लावला तर आतल्या तापापेक्षा आकडा थोडा कमीच येतो. म्हणून काखेत ९९ पूर्णांक ५ च्या वर गेला तरी दाखवाच. इतक्या लहान बाळाचं अंग नेहमीपेक्षा गार पडणं, त्यानं दूध ओढायचं थांबणं, हेही तापाइतकंच धोक्याचं. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला तापाचं औषध देऊ नका. दीड आणि अडीच महिन्यांच्या लशीनंतर एखादा दिवस अंग तापू शकतं, तेव्हा काय करायचं ते लस घेतानाच सिस्टरना विचारून ठेवा.

तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०२ च्या पुढे ताप असेल तर त्याच दिवशी दाखवावं. कुठल्याही वयात ताप १०४ च्या वर गेला, तरी डॉक्टरांना विचारावंच. मुलाला हृदयाचा आजार किंवा सिकलसेल असेल, तर साध्या तापालाही थांबायचं नाही.

लगेच निघा

पुढच्यापैकी एकही गोष्ट दिसली, तर घड्याळ बघू नका :

१. मूल हाक मारून, हलवूनही नीट जागं होत नाही, किंवा नजर ओळखीची वाटत नाही.

२. अंगावर पीत नाही, पाणी घेत नाही, किंवा पाजलेलं सगळं उलटून टाकतं.

३. श्वास जोरात चाललाय, बरगड्यांखाली खळगा पडतोय, मूल कण्हतंय, ओठ निळसर दिसताहेत.

४. आकडी आली.

५. मान ताठ झालीय, किंवा तान्ह्याची टाळू फुगून वर आलीय.

६. अंगावर लाल-जांभळे ठिपके उठलेत आणि काचेचा पेला दाबून पाहिला तरी ते फिके होत नाहीत. सावळ्या कातडीवर ते चटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय बघा.

७. सात-आठ तासांत लघवी नाही, तोंड कोरडं, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेलेत.

८. हातपाय गार आणि कातडी फिकट किंवा चट्ट्याचट्ट्यांची दिसते.

श्वास कसे मोजायचे तेही शिकून घ्या. मूल शांत असताना झबलं वर करा आणि घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट पोटाचं वरखाली होणं मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त भरले, तर तो जलद श्वास समजायचा. आज मूल बरं असतानाच एकदा मोजून बघा, म्हणजे वेळेला हात थरथरणार नाही.

पावसाळ्यातली आणखी एक गोष्ट. डेंग्यूत ताप उतरला की आपण सुटकेचा श्वास टाकतो, पण खरा धोका बहुतेक वेळा तेव्हाच असतो. ताप तिसऱ्या दिवसानंतर उतरला, पण पोटात खूप दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, हातपाय गार पडलेत, मूल सुस्त आहे, तर लगेच न्या. आणि वरचं काहीही नसलं, तरी ताप दोन-तीन दिवसांपुढे लांबला तर दाखवून घ्यावंच.

आकडी आली तर

सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना तापात आकडी येते. बघणाऱ्याचा जीव जातो, पण बहुतेकदा ती काही मिनिटांत आपोआप थांबते. मुलाला कुशीवर, सपाट जागी निजवा, गळ्याभोवतीचं सैल करा, घड्याळ बघा. दातखीळ सोडवायला चमचा घालू नका, पाणी पाजू नका. कांदा नको, चप्पलही हुंगवायला नको! हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, तर १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. पहिल्यांदाच आकडी आली असेल, तर थांबली तरी त्याच वेळी डॉक्टरांकडे न्या.

घरी करायचं ते

पॅरासिटामॉल हे औषध ठीक, पण वजनावर. एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, आणि दिवस-रात्र मिळून चारदाच. इथं बऱ्याच जणी फसतात. बाटल्या दिसतात सारख्या, पण एकीत ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम औषध असतं, दुसरीत २५०, आणि थेंबांच्या बाटलीत तर एका मिलिलिटरलाच १००. म्हणजे दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचं, तर पहिलीतून ६ मिलिलिटर, दुसरीतून ३ आणि थेंबांच्या बाटलीतून फक्त दीड. लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडू नका. स्वयंपाकघरातला चमचा नको, बाटलीबरोबरचं माप घ्या.

अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊ नये. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे, तेव्हा घरात जुनी बाटली असेल तर टाकून द्या. पावसाळ्यातल्या तापात डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेनही नको.

जाडजूड गोधडीत गुंडाळू नका, सुती झबलं पुरे. मिठाच्या पाण्याच्या घड्यांनी बरं वाटत असेल तर ठेवा, पण तेवढ्यावर विसंबू नका. बर्फ किंवा गार पाणी नकोच. अंगावरचं दूध, पेज, वरणाचं पाणी, घोट घोट देत राहा. दृष्ट काढायची तर काढा, मीठमोहऱ्यांनी मुलाला इजा होत नाही. वेळ मात्र त्यात घालवू नका.

आणि शेवटचं

एक पिशवी कपाटात तयार असू द्या. तिच्यात लशीचं कार्ड, मुलाचं वजन लिहिलेली चिठ्ठी, दोन दुपटी, थोडे पैसे. रात्री उघडं असणारं रुग्णालय कुठलं, आणि रात्री येणारा रिक्षावाला कोण, हे आजच दिवसाउजेडी विचारून ठेवा. वरची आठ लक्षणंही आजच सासूबाईंना आणि ह्यांना वाचून दाखवा. म्हणजे रात्री वाद घालायची पाळी येणार नाही. ‘‘आई, चौथं लक्षण दिसतंय, निघते आहे’’ एवढं म्हटलं की झालं. आणि कुणी उठलं नाही, तरी निघा. परवानगीसाठी दाराशी थांबू नका.

दहा वेळा उगाच गेलात आणि डॉक्टर म्हणाले, ‘‘काही नाही, साधा ताप आहे,’’ तर हसत घरी या. रिक्षाचे पैसे गेले, एवढंच. आणि यादीतलं काही नसतानाही, मूल नेहमीसारखं नाही असं तुमचं मन सांगत असेल, तर तेही कारण पुरेसं आहे. त्या पोराला सगळ्यांत जास्त तुम्हीच बघितलेलं असतं.

हे पान कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. त्याची गरज न पडो!

पुढच्या आठवड्यात, पावसाळ्यातलं पिण्याचं पाणी आणि घरातल्या टाकीची सफाई.