नाके उठले, मोजणी राहिली

बडोद्यात छाणी जकात नाका नावाची जागा आहे. रिक्षावाल्याला एवढं नाव सांगितलं की तो बरोबर नेऊन सोडतो. तिथे जकात मात्र कुणी घेत नाही. गुजरातने २००७ मध्ये महानगरपालिकांची जकात बंद केली आणि नाका फक्त पत्त्यात उरला. मुंबईला त्यासाठी आणखी दहा वर्षं थांबावं लागलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, दहिसरच्या जकात नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा गेल्या आणि राज्यांच्या सीमांवरचे विक्रीकराचे नाकेही उठले. ‘एक देश, एक कर, एक बाजार’ अशी घोषणा झाली.

मी मूळची बडोद्याची, सध्या मुंबईत अर्थशास्त्र शिकते. त्यामुळे या घोषणेतला तिसरा भाग मला जरा जास्तच खुणावतो. एक कर आला, हे कायद्याच्या पुस्तकात दिसतं. पण एक बाजार झाला की नाही, हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न फक्त आपला नाही. शेजारचे काही देश एकत्र येऊन आपापसातलं आयात शुल्क रद्द करतात आणि बाहेरच्यांसाठी एकच शुल्क ठेवतात, त्याला सीमाशुल्क संघ म्हणतात. १८३४ मध्ये जर्मन संस्थानांनी तो केला, पुढे युरोपने केला, २००५ पासून पूर्व आफ्रिकेतले देश करताहेत. भारतातली राज्यं काही देश नव्हेत, पण या व्याख्येत ती चपखल बसतात. परदेशी माल मुंद्र्याला उतरो की न्हावाशेवाला, शुल्क तेच आणि आत नाका नाही. म्हणून संघातले सभासद खरोखर एकमेकांत मिसळले का, हे मोजायची जी साधनं जगभर वापरतात, ती आपल्यालाही लागू पडतात. माझं म्हणणं एवढंच आहे, की ही साधनं सीमेपलीकडे गेलेला माल मोजतात. सीमेच्या भीतीने घरातून निघालाच नाही, तो माल त्यांच्या हिशेबात येत नाही. आणि न निघालेला माल बहुतेक वेळा छोट्या माणसाचा असतो.

आधी साधनं बघू. सगळ्यात सोपं म्हणजे टक्केवारी: एकूण व्यापारापैकी किती व्यापार संघातल्या संघात होतो? युरोपीय संघात हा आकडा ६० टक्क्यांच्या आसपास आहे, तर दक्षिण आशियातल्या देशांत जेमतेम ५ टक्के. ऐकलं की लगेच पटतं. पण समजा, कॉलेजात हजार मुलं आहेत आणि आपल्या मंडळात फक्त दहा. मंडळातल्या एखादीचे निम्मे मित्रमैत्रिणी मंडळातलेच असतील, तर मंडळ घट्ट आहे असं म्हणता येईल. तेच मंडळात पाचशे मुलं असतील, तर निम्मे मित्र मंडळातले निघण्यात विशेष काहीच नाही. टक्केवारी दोन्हीकडे पन्नासच. म्हणून अभ्यासक तिला गटाच्या आकाराने भागतात. पहिल्या मंडळाचा निर्देशांक येतो ५०, दुसऱ्याचा १. याला व्यापार-तीव्रता निर्देशांक म्हणतात.

तरीही घोळ राहतो. दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना, लेसोथो, नामिबिया आणि एस्वातिनी यांचा संघ १९१० पासून चालू आहे, जगातला सगळ्यात जुना. लेसोथो चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला. त्याची बहुतेक आयात तिथूनच येते. आकडा बघितला तर एकात्मता अगदी ओसंडून वाहतेय. पण ज्याच्या घराला एकच दार आहे, तो त्याच दाराने जाणार. त्याला आपण प्रेम म्हणायचं का?

यापेक्षा हुशार साधन म्हणजे ‘गुरुत्व प्रतिमान’. १९६२ मध्ये यान टिनबर्गन यांनी मांडलं, की दोन प्रदेशांमधला व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकाराबरोबर वाढतो आणि अंतराबरोबर घटतो. मग आकार आणि अंतर पाहता जेवढा व्यापार व्हायला हवा, त्याहून तो किती कमी आहे हे काढलं की सीमेची किंमत कळते. १९९५ मध्ये जॉन मॅकलम यांनी कॅनडासाठी हा हिशेब केला. कॅनडाचे प्रांत आपापसात जेवढा व्यापार करत होते, तो तेवढ्याच आकाराच्या आणि तेवढ्याच अंतरावरच्या अमेरिकी राज्यांशी होणाऱ्या व्यापाराच्या २२ पट निघाला! २००३ मध्ये अँडरसन आणि व्हॅन विनकूप यांनी दाखवलं, की हा आकडा कॅनडाच्या लहान आकारामुळे फुगलाय, खरा परिणाम बराच कमी आहे. पण दोन मित्रदेशांमधली सीमासुद्धा व्यापार अडवते, हे मात्र खोडलं गेलं नाही.

आता आपल्याकडे या. २०१६-१७ च्या आर्थिक सर्वेक्षणात पहिल्यांदाच करपावत्यांच्या डेटावरून राज्याराज्यांतला व्यापार मोजला गेला. तो जीडीपीच्या किमान ५४ टक्के निघाला, म्हणजे भारताच्या परदेशी व्यापाराच्या १.७ पट. भारत आतून तुकड्यातुकड्यांचा आहे, असं मानणाऱ्यांना हा धक्काच होता. हे काम मोठं होतं, यात वाद नाही. पण तो आकडा नाचवण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात.

पहिली गोदामांची. जीएसटीपूर्वी दुसऱ्या राज्यात माल विकला की केंद्रीय विक्रीकर लागायचा. पण कंपनीने स्वतःच्याच दुसऱ्या राज्यातल्या गोदामात माल हलवला, तर ती विक्री नव्हे, म्हणून कर नाही. मग कंपन्यांनी राज्याराज्यांत गोदामं उघडली. त्या ५४ टक्क्यांत कंपन्यांनी स्वतःच स्वतःकडे पाठवलेला असा मालही आहे. म्हणजे त्यातली काही ये-जा सीमेचा कर चुकवायच्या सोयीतून आली होती. आकडा वाढला, पण त्यामागे भिंत होती.

दुसरी पेट्रोलची. पेट्रोल-डिझेल अजूनही जीएसटीच्या बाहेर आहे, प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा. गुजरातमध्ये ते महाराष्ट्रापेक्षा स्वस्त मिळतं, म्हणून मुंबईहून बडोद्याला निघालेला जाणकार ड्रायव्हर सीमा ओलांडेपर्यंत टाकी भरत नाही. सीमेलगतच्या पंपांवर एमएच नंबरच्या गाड्या दिसतात त्या यामुळे. आकड्यांच्या भाषेत हा आंतरराज्य व्यापार. पण बाजार खरंच एक असता, तर एवढ्यासाठी कुणी थांबलं असतं का? नवापूर स्टेशनात अर्धा प्लॅटफॉर्म महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. एकात्मता तपासायची तर अशा जागी रेषेच्या दोन्ही बाजूंचे भाव बघावेत. भाव सारखे असतील तर माल फारसा इकडून तिकडे जाणारही नाही, आणि तरीही बाजार एक असेल.

तिसरी गोष्ट आपल्या मंडळाच्या जिव्हाळ्याची. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. पुण्याहून बडोद्याला जाणारी मराठी पुस्तकं, तशीच ताजी भाजी आणि सुटं दूध, ही सगळी करमाफ मंडळी करपावत्यांतून केलेल्या मोजणीत नीट दिसतच नाहीत. बडोद्याने २०१८ मध्ये ९१ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवलं, तेव्हा पुस्तकांचे खोके सीमा ओलांडून आले. अशा मोजणीत त्यांना जागा नाही. जी देवाणघेवाण सगळ्यात मोकळी, तीच सगळ्यात कमी मोजली जाते, हे गमतीशीर आहे.

आणि आता मूळ दुखणं: शुल्काचा पैसा कोणाचा? प्रत्येक संघ इथेच अडखळतो. बडोदे संस्थानाला तर हे चांगलंच माहीत होतं. गायकवाडांचा मुलूख सलग नव्हता. बडोदे, कडी, नवसारी, अमरेली, पार पश्चिमेला ओखामंडळ, असे तुकडे आणि मध्ये ब्रिटिशांचा आणि इतर संस्थानांचा प्रदेश. काठियावाडातून ब्रिटिश हद्दीत येताना विरमगामला सीमाशुल्काची रेषा होती. १९१५ मध्ये वढवाण स्टेशनवर मोतीलाल नावाच्या शिंप्याने गांधीजींना या नाक्यावरचा जाच सांगितला. गांधीजींनी तो विषय मुंबईच्या गव्हर्नरपासून व्हाइसरॉयपर्यंत नेला आणि १९१७ मध्ये ती रेषा उठली. पुढे काठियावाडातली संस्थानी बंदरं वाढू लागली. १९२६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानाचं ओखा बंदर सुरू झालं. माल तिथे उतरला तर शुल्क संस्थानाला मिळणार आणि माल खपणार ब्रिटिश हद्दीत, हे सरकारला कसं रुचावं? १९२७ मध्ये विरमगामची रेषा पुन्हा आली. ओख्याला उतरलेला माल रेल्वेने बडोद्याला आणायचा तर ही रेषा वाटेतच.

आजही प्रश्न तोच आहे. दक्षिण आफ्रिकेच्या संघात सगळं सीमाशुल्क एका गल्ल्यात जमा होतं आणि प्रत्येक देशाचा वाटा तो संघातून किती आयात करतो यावर ठरतो. तिथे मोजणी म्हणजे थेट पैसा. आपल्या जीएसटीत कर माल बनवणाऱ्या राज्याला न जाता वापरणाऱ्या राज्याला जातो. गुजरातसारखी कारखानदार राज्यं त्यामुळेच सुरुवातीला कुरकुरत होती. म्हणून पाच वर्षं १४ टक्के वाढीच्या हिशेबाने नुकसानभरपाई ठरली. राज्यांचा प्रश्न असा सुटला. पण ज्याची बाजू मांडायला जीएसटी परिषदेत कुणी नव्हतं, त्याचं काय झालं?

दांडिया बाजारातली माझी मावशी दिवाळीला फराळ करून विकते. तिची उलाढाल नोंदणीच्या ४० लाखांच्या मर्यादेच्या जवळपासही नाही, म्हणून गुजरातमध्ये तिला जीएसटी नोंदणीची गरज नाही. चकली भुजला विकली तरी चालते. पण ठाण्याला एक किलो जरी विकली, तरी नोंदणी सक्तीची, कारण दुसऱ्या राज्यात करपात्र माल विकणाऱ्याला कायद्याने ही सूट ठेवलेलीच नाही. आणि एकदा नोंदणी झाली की ठाण्याच्या एका किलोसाठी बडोद्यातल्या सगळ्या विक्रीवर कर आणि वर विवरणपत्रं भरणं आलं. छोट्यांसाठीची सोपी कंपोझिशन योजनाही परराज्यात माल विकणाऱ्याला मिळत नाही. सेवांना अशा विक्रीत २० लाखांपर्यंत सूट आहे, ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंनाही आहे. चकलीला नाही.

“भेट म्हणून पाठव, कुणी विचारणार नाही. विकलीस तर लफडं,” असं तिच्या सीएने सांगितलं. मावशी म्हणाली, “मग राहू दे बाई.”

बडोद्याहून भुज आणि ठाणे जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. मराठी फराळाला गिऱ्हाईक कुठे जास्त, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. टिनबर्गनच्या सूत्राने मावशीचा माल ठाण्याला जायला हवा. जातो शून्य. आणि हा शून्य कुठल्याही सर्वेक्षणात नोंदला जात नाही, कारण ज्या व्यवहाराची पावतीच फाटली नाही तो डेटात येणार कुठून? घटनेचं ३०१ वं कलम देशभर व्यापार मुक्त असेल म्हणतं. मावशीसाठी ते भिलाडला संपतं.

या नियमामागे कारण नाही असं नाही. कर वापरणाऱ्या राज्याला पोचवायचा तर विक्रेत्याची नोंद हवी, आणि सूट दिली तर मोठे व्यापारी स्वतःचे दहा तुकडे करून ती लाटतील, ही भीती खरी आहे. पण तीच भीती राज्याच्या आतही आहे आणि तिथे ४० लाखांची सूट दिलीच आहे ना? सेवांना देता येते, हस्तकलेला देता येते, तर छोट्या माल विक्रेत्याला निदान २० लाखांपर्यंत द्यायला काय हरकत आहे? सरकारचं उत्पन्न फारसं बुडणार नाही, कारण आज या विक्रीतून काही मिळतच नाही. ती होतच नाही.

आणि मोजणी बदलायला हवी. माल किती गेला हे जरूर मोजा, पण सोबत आणखी तीन गोष्टी विचारा. रेषेच्या दोन्ही बाजूंना तीच वस्तू केवढ्याला मिळते? ती पलीकडे विकायला किती कागद आणि किती दिवस लागतात? आणि किती जणांनी विचार करून सोडून दिलं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पावत्यांत मिळणार नाही, त्यासाठी माणसांकडे जाऊन विचारावं लागेल.

ते काम आपणही करू शकतो. मंडळात नाशिकचे, बेळगावचे, गोव्याचे, इंदूरचे लोक आहेत. प्रत्येकाच्या घरी किंवा शेजारी कुणीतरी लोणची, पापड, पिशव्या, साबण विकत असतंच. सुट्टीत घरी गेलात की त्यांना एवढंच विचारा: दुसऱ्या राज्यातून ऑर्डर आली होती का, आणि तुम्ही काय उत्तर दिलंत? उत्तरं लिहून आणा, पुढच्या अंकात एकत्र छापू.