दिवाळीची रद्दी बांधण्याआधी

दिवाळी तोंडावर आली आहे. घरोघरी माळे रिकामे होतील, पत्र्याच्या ट्रंका अंगणात येतील आणि वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेले कागद किलोच्या भावाने जातील. ते या वर्षी जाऊ देऊ नका, हे कळकळीने सांगण्यासाठी हे लिहितो आहे. तुमच्या गावाचा, पेठेचा, वाडीचा अर्धा इतिहास त्या ट्रंकेत आहे. उरलेला अर्धा विद्यापीठांच्या आणि संशोधन संस्थांच्या ग्रंथालयांनी स्कॅन करून थेट फोनपर्यंत आणून ठेवला आहे. ते दोन अर्धे जुळवणारी माणसं आज आहेत, आणि ती वयाने थकली आहेत.

पिंपळे सौदागरचं उदाहरण घ्या. आज तिथे उंच इमारती आणि सकाळी कंपन्यांच्या बसची वाट बघणारी गर्दी. याच गावावर 1917 साली मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ग्रंथमालेतलं पहिलं पुस्तक निघालं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावाची माती, पाणी, पिकं, अवजारं, कर्ज सगळं तपासलं. त्यांनी मांडलेला जमीनधारणेचा हिशोब वाचताना आजही पोटात खड्डा पडतो. 1771 साली, म्हणजे थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत, गावात एका जमीनधारकाकडे सरासरी 40 एकर जमीन. पेशवाई बुडाली त्या 1818 साली साडेसतरा. 1820 ते 1840 च्या काळात 14. आणि 1914–15 मध्ये फक्त 7. वाटण्या होत होत दीडशे वर्षांत एक गाव कसं आक्रसत गेलं, ते या चार आकड्यांत आहे. हे पुस्तक आज स्कॅन झालेलं आहे, फुकट वाचता येतं. पण त्या गावात घर घेतलेल्या किती जणांनी ते उघडून पाहिलं असेल? आणि ज्यांच्या पणज्यांची ही जमीन होती, त्यांच्यापैकी किती जणांनी?

पुण्यातल्या गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय हा अशाच शोधाचा दुसरा मोठा दरवाजा आहे. संस्था 1930 ची, आता अभिमत विद्यापीठ. ग्रंथालयाची मुळं मात्र 1905 साली नामदार गोखल्यांनी काढलेल्या भारत सेवक समाजापर्यंत जातात. जुनी, दुर्मीळ पुस्तकं आणि अहवाल स्कॅन करून त्यांनी डिजिटल संग्रहात ठेवले आहेत. संस्थेने स्वतः केलेल्या पाहण्याही विसरू नका: पुण्याच्या फळबाजाराची 1933 ची, वाई तालुक्यातल्या शेतीची 1940 ची, सोलापूरच्या विणकर समाजांची 1947 ची, आणि गाडगिळांनी केलेली खुद्द पुणे शहराची. सोलापुरात ज्यांच्या घरी माग होता त्यांना त्या पाहणीत आपलं घर ओळखू येईल. फक्त त्यात नाव नसेल, आकडा असेल.

इथेच तुमची ट्रंक लागते. सरकारने मोजलेलं गाव आणि संशोधकाने मोजलेलं गाव ग्रंथालयात आहे. गावाने स्वतः लिहिलेलं गाव घरात आहे.

एखादं जुनं खरेदीखत किंवा गहाणखत हातात घ्या. वर स्टॅम्प, खाली अंगठे आणि साक्षीदारांची नावं, आणि मध्ये चतुःसीमा. पूर्वेस अमक्याची विहीर, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस देवीचा माळ. या चार ओळींना मी सोन्याच्या मोलाचं मानतो. तो ओढा आज इमारतीच्या पार्किंगखाली असतो, आणि जोराचा पाऊस झाला की त्याच पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी का भरतं याचं उत्तर त्या कागदात लिहिलेलं असतं. विहीर बुजवलेली असते, पाणंद कुणीतरी गिळलेली असते, माळावरची देवी सिमेंटच्या देवळात गेलेली असते. इंग्रज सरकारच्या जिल्हा गॅझेटियरमध्ये गावाला एक परिच्छेद मिळाला तरी पुष्कळ. तुमच्या खतात गावाचा पाय ठेवण्याइतका तुकडा नेमका उतरलेला आहे.

फक्त जमिनीचेच कागद जपा असं मात्र मी मुळीच म्हणत नाही. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांच्याकडे कागद राहिला, हा आपल्या इतिहासाचा जुनाच अन्याय आहे. पाटील-कुलकर्ण्यांची दप्तरं वाड्यात राहिली. 1958 च्या कायद्याने महार वतनं गेली, पण त्या वतनाची कामं पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्यांच्या हातात कागद कितीसा होता? म्हणून शेतमजुराची मजुरीची वही, गिरणीचा पगाराचा पास, वस्तीतल्या जयंतीच्या वर्गणीची पावती, बचत गटाचं पहिलं रजिस्टर, मराठी शाळेतला गटाचा फोटो, आजीने ओव्या लिहून ठेवलेली वही, हे सगळं दस्तऐवज आहे. जिथे कागदच नाही तिथे माणसाचं बोलणं हाच दस्तऐवज. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि विचारा: गावात पाणी कुठून भरायचात? कुणाच्या विहिरीवर कुणाला जाऊ देत नव्हते? दुष्काळात कुठल्या कामावर गेलात? विद्यापीठाच्या संग्रहात ही उत्तरं सापडणार नाहीत, कारण तेव्हा ती विचारायला फारसं कुणी गेलंच नाही.

घाई का, असं कुणी म्हणेल. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांतले संसार काही तासांत पाण्याखाली गेले. त्यांच्याबरोबर किती चोपड्या, पत्रं, फोटो गेले याची मोजदाद कधीच होणार नाही. तो एका दिवसाचा पूर होता. पुनर्विकासात वाडे पडताना, चुलत भावांत घर विकलं जाताना, वाळवी आणि कसर लागताना आज तेच हळूहळू चाललं आहे. शिवाय शाळांतून मोडी गेल्याला पिढ्या लोटल्या. घरात आजोबांखेरीज मोडी वाचणारं कुणी उरलेलं नसतं, आणि आजोबांनंतर तोच कागद घरच्यांना नुसत्या शाईच्या रेघा वाटतो. रद्दीत सगळ्यात आधी मोडी जाते ती यामुळेच.

तेव्हा रद्दी बांधण्याआधी एक दुपार काढा. कागद खिडकीच्या उजेडात सपाट ठेवून फोनने फोटो घ्या, फ्लॅश नको. पाठची बाजूही घ्या. शिक्के आणि शेरे तिथेच असतात. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका, त्याने कागद कायमचा जातो. जुन्या फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, दाब न देता, नावं आणि साल लिहा. नाव आठवत नसेल तर तुमच्या अंदाजापुढे प्रश्नचिन्ह टाका, पण कोरं ठेवू नका.

मग ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात आपलं गाव शोधा. शोधताना इंग्रजांच्या कानाने शोधावं लागतं, पुण्याला ‘पूना’, सोलापूरला ‘शोलापूर’, खडकीला ‘किर्की’, पिंपळेला ‘पिंपळा’. देवनागरी पुस्तकांच्या स्कॅनमध्ये शब्द टाकून बहुतेकदा काही हाती लागत नाही. तिथे अनुक्रमणिका उघडून पानं चाळावीत. कॅम्पबेलने संपादित केलेल्या त्या जिल्हा गॅझेटियरपासून सुरुवात करा, रत्नागिरीचा खंड 1880 चा, नाशिकचा 1883 चा, पुणे आणि साताऱ्याचे 1885 चे. गावाचं नाव सापडलं की आपल्या घरातला त्या काळाच्या जवळचा कागद शेजारी ठेवून दोन्ही वाचा. कुठे जुळतं, कुठे अडतं, ते टिपून ठेवा. अडतं तिथेच खरा शोध सुरू होतो.

ग्रंथालयांनाही माझं मागणं आहे. गावांच्या आजच्या मराठी नावांनी शोधता येईल अशी सोय करा, आणि लोक घरचे कागद घेऊन आले तर त्यांना दारातून परत पाठवू नका. स्कॅन करा, मूळ कागद परत द्या, पोच द्या. लोकांनीही मूळ कागद लेखी पोच घेतल्याशिवाय कुणाच्या हाती सोपवू नये. ज्या जमिनीचा दावा चालू आहे तिचे कागद, किंवा हयात माणसांच्या खासगी गोष्टी असलेली पत्रं, समाजमाध्यमांवर टाकू नका. ती स्कॅन करून घरात ठेवली तरी पुरे आहे.

लांब राहणाऱ्यांनो, तुम्ही अमेरिकेत असा की इंदूर-बडोद्याला, आजच गावी फोन करा. चुलत्यांना सांगा की साफसफाई काढाल तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेला हात लावू नका, मी आल्यावर आपण मिळून उघडू. आणि घरात कुणी ऐंशीच्या पुढचं माणूस असेल तर ट्रंक नंतर, आधी त्यांच्यासमोर फोटोंचा गठ्ठा घेऊन बसा.